नाखव्याची दुर्बीण

वरळी कोळीवाड्यातल्या एका नाखव्याला दुर्बीण घ्यायची होती. किल्ल्याच्या उताराला त्याचं घर, क्लीव्हलँड बंदरात त्याची फायबरची होडी. होडीवर माणसं तीन : तो स्वतः, त्याचा मुलगा आणि एक खलाशी. नाखव्याची साठी उलटली होती, चष्मा लागला होता, पण पाण्याचा रंग बघून खाली काय आहे ते सांगणारी त्याची नजर वाड्यात सगळ्यांना ठाऊक होती.

अडचण जाळ्याची होती. रात्री जाळं सोडायचं आणि फटफटायला लागलं की ओढायचं, हा त्यांचा नेम. आता कुणी म्हणेल, मोबाइलवर जागा दिसते की. दिसते, पण ती जाळं सोडल्याची जागा. वाहतं जाळं तिथे थांबत नाही. ओहोटी त्याला ओढून नेते, वारा बोयाला ढकलतो, आणि पहाटे शोधायची असते ती बोयावरच्या बांबूला बांधलेली हातभर काळी फडकी. पूर्वी नाखवा किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायचा. किल्ल्याचा बुरूज आणि मागे गिरणीचं धुराडं एका रेषेत आलं, की आपण कुठे आहोत ते कळायचं. धुराडी गेली, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि हिवाळ्यात तर धुरक्यात टॉवरही दिसेनासे होतात. मागच्या हंगामात एक जाळं असंच हरवलं. फडकी दिसेपर्यंत मोठ्या बोटीच्या पंख्याने त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

म्हणून दुर्बीण. घरात त्यासाठी बाजूला पडले दहा हजार रुपये.

दहा हजार म्हणजे काय, हे कोळ्याच्या घरात जून-जुलैमध्ये विचारावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणं रास्त आहेत. पण त्या दोन महिन्यांत कमाई शून्य असते आणि खर्च सगळे उभे असतात. इंजिनाचं काम, होडीचा रंग, जाळ्यांची दुरुस्ती, पोरांच्या शाळेची फी. घरातला पैसा नाखविणीच्या हाती. मासळी बंदराला लागली की ती बाईच्या ताब्यात जाते, ती विकते आणि हिशेब तीच ठेवते. कोळीवाड्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण ज्याला मासळी विकण्याचे कष्ट ठाऊक असतात तोच पैसा जपून सोडतो. ही नाखवीण सिटीलाइटच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. दहा हजार तिने ट्रंकेत वेगळ्या रुमालात बांधून ठेवले होते.

मुलाने शोध सुरू केला. मित्राच्या घरी एक दुर्बीण होती, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली. खोक्यावर मोठ्या शिंगांचं हरीण आणि ‘शिकारीची दुर्बीण’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. काचा लालभडक, माणकासारख्या चमकणाऱ्या. अंगावर आकडा ‘२० ते १८०’. किंमत साडेतीन हजार. मुलाने ती मागून आणली आणि भर दुपारी किल्ल्याच्या भिंतीवर कोपर टेकवून सी लिंककडे लावली. पुलाच्या तारा एकेक करून मोजाव्यात इतक्या जवळ आल्या. तो धावतच घरी आला.

‘‘आये, हीच घेऊ. शिकाऱ्यांची हाय. साडेतीन हजारांत काम होतंय, वर पैसे राहतात.’’

नाखवीण सोडे निवडत होती. तिने हात पुसले, दुर्बीण हातात घेतली आणि डोळ्यांना न लावताच विचारलं, ‘‘काय बगायचंय?’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हंजे काय बगायचंय, कवा बगायचंय, कुटनं बगायचंय. पूल बगायला दहा हजार नाय ठेवले मी.’’

मुलगा गप्प झाला. संध्याकाळी तो दुर्बीण घेऊन होडीवर गेला. बंदी होती, होडी बंदरातच नांगरलेली, तरी भरतीच्या पाण्यावर ती हलत होतीच. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि दुपारचा सगळा चमत्कार संपला. पूल थरथरायला लागला. तारांचा एकच राखाडी पट्टा झाला. वीसपट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही वीसपट होतो, ही गोष्ट भिंतीवर कोपर टेकलेलं असताना कळत नाही. त्यात उजेड उतरत होता. साध्या डोळ्यांना समोरची होडी अजून दिसत होती, दुर्बिणीतून मात्र नुसता काळोख.

त्या काळोखाचं कारण त्याला सांगितलं ते एका निवृत्त मास्तरांनी. ते दादरचे. पावसाळ्यात वादळी वारं सुटलं की खोल दर्यावरचे पक्षी किनाऱ्याकडे लोटले जातात, ते बघायला हे किल्ल्याखालच्या खडकांवर येऊन बसायचे. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर रेनकोटाची टोपी. मुलाने त्यांना लाल काचांची दुर्बीण दाखवली. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. शेजारी बसवून घेतलं आणि शिकवलं.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, ते म्हणाले. समजा ८×४२. पहिला आकडा, किती पट जवळ दिसेल. आठशे मीटरवरचं फडकं शंभर मीटरवर असल्यासारखं. दुसरा आकडा, पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. तेवढ्या तोंडाने ती उजेड गिळते. आता दुसऱ्याला पहिल्याने भाग. ४२ भागिले ८, सव्वापाच. एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका तुझ्या डोळ्यात उतरतो. तुझी ही फुटपाथवाली वीसपटीवर ठेवली आणि तिची काच ५० ची धरली, तरी ठिपका अडीच मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढ : आठपटीची दुर्बीण तिच्या चौपटीहून जास्त उजेड देते. भर दुपारी हा फरक जाणवत नाही, कारण तेव्हा डोळ्याची बाहुलीच दोन-अडीच मिलिमीटरची झालेली असते. पहाटे बाहुली मोठी होते आणि उजेड मागते, तिथे ही दुर्बीण हात वर करते. शिवाय ती लाल काच लाल रंगाचा उजेड परत फेकते, आत घेत नाही. चांगल्या काचेवरचं प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट आणि मंद असतं.

‘‘मग शिकारी कशी वापरतात?’’ मुलाने विचारलं.

मास्तर म्हणाले, खरा शिकारी ही वापरतच नाही. जनावर बाहेर पडतं ते झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला. म्हणून युरोपातले जुने शिकारी ८×५६ सारखी दुर्बीण घेतात. ठिपका सात मिलिमीटरचा, अंधारातही झाडाखालचं हरीण दिसावं म्हणून. वजन मात्र किलोच्या वर. खोक्यावर हरीण छापल्याने काच बदलत नाही.

इथे मला थोडं आडवाटेने जायचं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, हे उत्तम झालं. पण ज्याला आपण पक्षीनिरीक्षण म्हणतो त्याची एक मुळी शिकारीतच आहे, आणि ती इथून फार लांब नाही. गिरगावजवळच्या खेतवाडीत वाढलेल्या सालीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांचं झालं. शिकाऱ्याची नजर वाईट नसते. ती कशाकरता वापरायची, एवढंच ठरवायचं असतं. कोळीही शिकारीच आहे, आणि त्याचीही वेळ तीच : धड रात्र नाही, धड दिवस नाही.

मास्तरांनी आपली दुर्बीण मुलाच्या हातात दिली. १०×४२. खडकावर बसून त्याने लाटांवरचे पक्षी बघितले आणि त्यांच्या चोचीवरचा पाण्याचा थेंबसुद्धा दिसला. ‘‘हीच घेतो,’’ तो म्हणाला. मास्तरांनी मान हलवली. ‘‘मी दगडावर बसतो रे. तू होडीवर उभा राहणार.’’ शेवटी ते स्वतःच होडीवर आले, बरोबरच्या दोस्ताची ८×४२ घेऊन. दोन्ही दुर्बिणी एकामागून एक लावून बघितल्या. दहापटीत समोरच्या बोटीची डोलकाठी उसळत होती. आठपटीत ती हलत होती, पण नजरेत राहत होती. दर्यावर्दी लोक जगभर सातपट का पसंत करतात ते मुलाला कुणी सांगावं लागलं नाही.

घरी येऊन त्याने आईला जाहीर केलं : ७×५०, दर्यावरची. ५० भागिले ७, ठिपका सात मिलिमीटरचा. अंधारात सगळ्यात उजळ. किंमत बरीच वर जात होती, अठरा हजारांपर्यंत, आत होकायंत्रही होतं. आठ हजार उसने घ्यायचे, हंगामात फेडायचे. हिशेब त्याने वहीत मांडूनच आणला होता.

नाखविणीने वही बघितली आणि पहिल्या दिवशी राहून गेलेला प्रश्न विचारला, ‘‘बगणार कोन?’’

मुलगा बोलायला लागला आणि थांबला. पहाटे इंजिन तोच धरतो. खलाशी वाकून जाळ्याच्या तयारीत असतो. नाळीवर उभा राहून फडकं शोधतो तो बाप. महिनाभर मुलगा स्वतःच्या डोळ्यांसाठी दुर्बीण निवडत होता.

मास्तरांना पुन्हा गाठलं. त्यांनी सांगितलं ते असं : पंचविशीतल्या माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते. सात मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका पाच मिलिमीटरच्या बाहुलीत मावत नाही, उरलेला बाहेर पडतो. जो उजेड वडलांच्या डोळ्यात शिरणारच नाही त्याचे पैसे मोजायचे. त्यांना ८×४२ चा सव्वापाच पुरेसा आहे. आणि चष्मा. चष्म्यावाल्याचा डोळा काचेपासून लांब राहतो, म्हणून मागच्या काचेपासून किमान १५ मिलिमीटरवरून पूर्ण चित्र दिसायला हवं. नाही तर भोकातून बघितल्यासारखा लहानसा गोल दिसतो.

नाखवा हे सगळं ऐकत बसला होता. तो एवढंच म्हणाला, ‘‘मला वाटलं माजी नजरच गेली.’’ मित्राच्या दुर्बिणीतून त्यानेही एकदा बघितलं होतं, तसाच गोल दिसला होता, आणि तो कुणाला काही बोलला नव्हता.

जुलैच्या अखेरीला तिघं बोरा बाजारात गेली. कॅमेऱ्यांची दुकानं तिथे एकाला एक लागून आहेत. नाखविणीने वेळ मुद्दाम दिवेलागणीची धरली. दुकानदाराने तीन दुर्बिणी काउंटरवर मांडल्या आणि बाईने पदर खोचला. पापलेट घेताना गालफडं उचलून बघतात, तसंच तिने दुर्बिणींना उलटंपालटं केलं. मास्तरांनी शिकवलेलं सगळं तिने ऐकून ठेवलं होतं. हात लांब करून दुर्बीण ट्यूबलाइटकडे धरली आणि मागच्या काचेतले उजेडाचे ठिपके बघितले. एकीत ते पूर्ण गोल होते. दुसरीत कडा कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या आणि राखाडी. ती बाजूला ठेवली. आतलं लोलक हलक्या काचेचं, हे त्या कापलेल्या कडा सांगतात. कानाशी धरून हलवली, आत काही खुळखुळतंय का. बिजागरी उघडमीट केली, ढिली पडते का. मग मुलाला दाराशी उभं करून समोरच्या दुकानाची पाटी बघायला लावली : अक्षरं दोन दिसतात का एक, डोळा ओढल्यासारखा होतो का. दोन्ही नळ्या एका रेषेत नसल्या तर मेंदू ते चित्र जुळवत बसतो आणि तासाभरात डोकं धरतं.

उरल्या दोन. एक ८×४०, जुन्या धाटणीची, खांदे रुंद असलेली, साडेसहा हजारांना. दुसरी ८×४२, सरळ नळ्यांची, नऊ हजार दोनशेला.

आणि इथे खरी अडचण उभी राहिली, कारण साडेसहा हजारांची दुर्बीण जास्त चांगलं दाखवत होती. मुलाने बघितलं, नाखव्याने बघितलं, दोघांचंही तेच मत. रुंद खांद्याच्या बांधणीत लोलकं साधी असतात, बनवायला सोपी, म्हणून त्याच किमतीत किंवा कमी किमतीतही चित्र अधिक स्वच्छ मिळतं. सरळ नळीतली लोलकं घडवणं नाजूक काम, पैसा तिथे जातो. दुकानदार प्रामाणिक होता, त्यानेही हेच सांगितलं. पक्षी बघायला बागेत जाणाऱ्याने, गच्चीवरून चंद्र बघणाऱ्याने, कमी पैशांत रुंद खांद्याचीच घ्यावी, असं मीही म्हणेन.

नाखविणीने विचारलं, ‘‘पानी गेलं तर?’’

स्वस्त दुर्बिणीत पाणी शिरलं असतं. ती बंद नव्हती. महागडी रबरी कड्यांनी हवाबंद केलेली, आत नायट्रोजन भरलेला, म्हणजे आतून बाष्प धरायचं नाही. कंपनीच्या कागदावर पाण्यात बुडवली तरी चालेल असं लिहिलेलं. मुंबईच्या दमट हवेत उघड्या दुर्बिणीच्या काचेवर आतून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू चढतात, हे जुने कॅमेरे बाळगणाऱ्या कुणालाही विचारावं. होडीवर तर रोज खारा फवारा. पहिल्या महिन्यात जास्त स्वच्छ दाखवणारी दुर्बीण दुसऱ्या पावसाळ्यात काहीच दाखवणार नव्हती.

मग नाखव्याने दोन्ही पुन्हा घेतल्या, चष्म्यासकट. रुंद खांद्याचीत गोल लहान झाला. सरळ नळीचीच्या मागच्या रबरी वाट्या दुकानदाराने फिरवून खाली बसवल्या आणि चित्र कडेपर्यंत भरलं. नाखव्याने ती रस्त्याच्या टोकाला, बंद दुकानाच्या पत्र्याखालच्या अंधाराकडे लावली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘हमाल झोपलाय. उशाला दोरी हाय.’’

घासाघीस करून नाखविणीने आठ हजार आठशेला ती घेतली. उरलेल्या पैशांतून तरंगणारा पट्टा घेतला, म्हणजे दुर्बीण हातातून सुटली तरी वर राहील. बाकीचे पुन्हा रुमालात.

घरी आल्यावर मुलाने ती कपाटात वर ठेवायला घेतली. आईने रोज वापरायला सांगितली. होडी हंगामात निघाली तेव्हा नारळी पौर्णिमा व्हायची होती, पाणी अजून गढूळ होतं. पहिल्या दिवशी परत आल्यावर नाखविणीने दुर्बीण सरळ नळाखाली धरली. मुलगा ओरडला. ती म्हणाली, खार सुकलं की त्याचे खडे होतात, फडक्याने पुसशील तर काच घासशील, आधी गोड्या पाण्याने जाऊ दे. हेही मास्तरांचंच. हवाबंद दुर्बिणीला ते चालतं, उघडीला चालत नाही. मग मऊ सुती कापडाने टिपून तिने ती सावलीत टांगली.

त्या हंगामात नाखव्याला फडकं पहिल्यापेक्षा लवकर दिसायला लागलं. कोस्टल रोडच्या पुलाखालून जातानाही दुर्बिणीचा उपयोग झाला. तिथल्या खांबांमधलं अंतर ६० मीटरच ठेवायचं ठरलं होतं. ओहोटीच्या ओढीत आणि वाऱ्यात होडी खांबावर आपटेल, म्हणून वाड्यातल्या लोकांनी ते वाढवायला लावलं, आणि एका गाळ्यात ते १२० मीटर झालं. तरी पलीकडून कोण येतंय ते आधी दिसलेलं बरंच. कधी लांबवर सुरय पक्ष्यांची झुंबड पाण्यावर सूर मारताना दिसायची, तिकडे होडी वळवली की खाली तारल्यांचा थवा असायचा. जाळी मात्र सगळी वाचली असं नाही; एक त्याही वर्षी तुटलं, ते धुक्यात. धुक्यात कुठलीच दुर्बीण चालत नाही.

पुढच्या बंदीत वाड्यातले लोक नाखव्याच्या मुलाकडे विचारायला आले. तो त्यांना आपली दुर्बीण दाखवायच्या आधी आईचे प्रश्न विचारायचा. रात्रीच्या मोठ्या बोटीवर जाणाऱ्या पंचविशीतल्या तांडेलाने पैसे जमवून ७×५० घेतली, होकायंत्रवाली. किल्ल्यावरून बापाच्या होडीची वाट बघणाऱ्या एका शाळकरी पोरीला तिच्या मामाने रुंद खांद्याची ८×४० आणून दिली. खडकांवर कालवं काढणाऱ्या एका म्हातारीनेही चौकशी केली. तिला त्याने सांगितलं, तुला दुर्बीण नको, पायाला पकड असलेली चप्पल घे. आणि ती तिने घेतली.